ढीग जाळायचा नाही

ताई सासरहून कायमची परत आली तेव्हा भावाने तिच्या हाती खराटा दिला. तसं घरात तिला कोणी वाईट बोललं नाही. पण रेशमाच्या शेडमधली कामं आधीच वाटलेली होती: तुती कापणं भावाचं, अळ्यांना पाला घालणं भावजयीचं, कोष वेचणं दोघांचं. झाडलोट तेवढी बेवारस होती, ती ताईच्या गळ्यात पडली.

अळ्या रात्रंदिवस खातात आणि खाताना सांडतातही तितकंच. उरलेला पाला, सोललेल्या काड्या, मिऱ्यांसारख्या काळ्या लेंड्या असं सगळं शेडमागे साचायचं. वाळलं की भाऊ काडी लावायचा आणि अख्खं घर खोकत बसायचं.

"हे जाळू नकोस," एक दिवस ताई म्हणाली, "मी याचं खत करते."

"वर्ष जाईल त्यात."

"जिवाणू घातले की नाही जाणार. दुकानात बाटली मिळते. दुधाला विरजण लावतो तसंच ते."

"मग दही लागलं की मला बोलव," भाऊ म्हणाला आणि स्वतःच हसला.

ताई हसली नाही. "खत झालं तर शेताच्या टोकाचा तो मागचा तुकडा मला दे. मी माझी तुती लावीन, माझ्या अळ्या पाळीन."

मागच्या तुकड्यात गवतसुद्धा लाजत लाजत उगवायचं. देण्यात आपलं काही जात नाही असं पाहून भाऊ म्हणाला, "दिला. पण नव्या अळ्या यायच्या आत खत व्हायला हवं. नाही झालं तर मी काडी लावणार. शेडला खेटून कच्ची घाण नको मला. रोग शिरला तर सगळ्यांच्याच तोंडचं पाणी पळेल."

अट वाजवी होती, हीच तर पंचाईत.

ताईने काड्या कोयत्याने बारीक तोडल्या, शेणकाला कालवला, बाटलीतलं औषध गूळपाण्यात मिसळून थराथरावर शिंपडलं. दुसऱ्या घरात राहून आलेल्या बाईला एक कळतं, की नव्या जागी आलेल्या जिवाला आधी ओल लागते आणि ऊब लागते. थोड्याच दिवसांत ढिगात खुपसलेली सळई बाहेर काढली की हाताला चटका बसू लागला.

"वन्सं, तुमच्या ढिगाला ताप आलाय," भावजय म्हणाली.

"येऊ दे. उतरवू नकोस."

आणि मग तो उतरलाच. सळई थंडगार निघायला लागली. ताई रोज झाडून आणलेला कचरा वर घालत होती, पाणी मारत होती, पण ढीग आपला रुसलेल्या जावयासारखा गप्प.

"कामगार संपावर गेले वाटतं तुझे," भाऊ जाता जाता म्हणाला.

तिने फावडं घेतलं आणि ढीग मधोमध फोडला. तळाशी, सळई पोचत नव्हती तिथे, काळंभोर, वाफाळतं, जंगलातल्या मातीचा वास येणारं खत होऊ घातलं होतं. वरचा भाग मात्र फिकट, कोरडा, पांढुरका. तिने चिमूट चोळून पाहिली. चुना! या खेपेच्या शेवटी शेवटी काही अळ्या मलूल दिसल्या म्हणून भावाने त्या ठेवतात त्या बेडवर चुना आणि ब्लिचिंग पावडर सढळ हाताने धुरळली होती. आणि घरातली सगळ्यात नेटकी झाडणारी कोण? ताई. तिनेच कणन् कण गोळा करून तो चुना आपल्या ढिगावर आणून घातला होता. रोगाचा जीव घ्यायला टाकलेली पूड, तिला आपला कोण नि परका कोण कसं कळणार?

"हात मोडो माझे," ती पुटपुटली. पण रडायला वेळ नव्हता.

बाटली संपली होती. दुसरीसाठी भावापुढे हात पसरण्यापेक्षा तिने तो ढिगात घातला. तळचं गरम, काळं खत टोपलीत काढलं. तेच आता विरजण. चुन्याचा थर लांब खड्ड्यात नेऊन टाकला, ज्याला चुना लागला नव्हता तो पाला आणि काड्या वेगळ्या केल्या, त्यात ते काळं खत कालवलं आणि ढीग नव्याने रचला. सळई परत तापू लागली, पण उशीर झाला होता.

अळ्यांच्या पेट्या आल्या त्या सकाळी भाऊ काडेपेटी घेऊनच मागे आला.

"झालं का खत?"

"नाही," ताई म्हणाली. "होतंय."

"अट काय ठरली होती?"

"शेडजवळ कच्चं नको, हेच ना? मग नाही ठेवत." तिने टोपली भरली, डोक्यावर घेतली आणि मागच्या तुकड्याकडे चालू लागली.

"तुकडा अजून तुझा झालेला नाही!"

"मग काडी तिथे येऊन लाव. मी उभीच आहे."

भाऊ दोन पावलं पुढे गेला. तेवढ्यात शेडच्या दारातून भावजय ओरडली, "अहो, भांडण संध्याकाळीही करता येईल! पेट्या उन्हात आहेत, बाळं करपतील ना माझी!"

भावाला वळावं लागलं. अळ्यांना पहिला पाला घालून तो परत आला, तोवर ढीग तुकड्याच्या मधोमध जाऊन बसला होता. ताई घामाने निथळत होती आणि ढिगातून वाफ निघत होती. भावाने जवळ जाऊन वाफेवर हात धरला, चटकन मागे घेतला. मग त्याने काडेपेटी खिशात टाकली.

"इथे पाणी नाही," तो म्हणाला. "रोज भिजवायला कुठून आणणार?"

"विहिरीतून."

"माझ्या?"

"बापाच्या," ताई म्हणाली. "आणि बाप दोघांचा होता."

तिने बादली उचलली आणि विहिरीपाशी जाऊन आत सोडली. दोर हातातून सरसरत गेला, आणि भाऊ पुढचं काही बोलायच्या आत खाली पाण्याचा आवाज झाला.