उष्ट्या नळीतले चार बुडबुडे

मित्रांनो, मी काचेची परीक्षानळी, काठाला टवका उडालेली आणि वयाने चांगलीच म्हातारी. झाशीच्या मानिक चौकातल्या दुकानातून आम्ही बारा जणी या मुलींच्या इंटर कॉलेजात आलो. अकरा फुटल्या, मी एकटी उरले. जात्याच चिवट! प्रयोगशाळा सांभाळणारे राजाभाऊ मला 'आजीबाई' म्हणतात.

माझं आवडतं काम कार्बोक्सिलिक आम्ल ओळखण्याचं. नावाला घाबरू नका हो! चिंच, लिंबू, सिरका म्हणजे व्हिनेगर, यांचा आंबटपणा त्याचाच. एक कार्बन, दोन ऑक्सिजन आणि एक हायड्रोजन यांचा गट म्हणजे कार्बोक्सिल. त्यातला हायड्रोजन सहज सुटतो, म्हणून ते आम्ल. वर खाण्याचा सोडा टाकला की फसफस बुडबुडे येतात आणि मला गुदगुल्या होतात.

यंदा बारावीच्या प्रात्यक्षिक परीक्षेत मी चारुताच्या हाती लागले. लेखीत पोरीची गाडी जेमतेम चालायची, सारी भिस्त प्रात्यक्षिकावर. पहिला नमुना सिरका होता. तो तिने झटक्यात ओळखला आणि त्याच आनंदात मला न धुताच दुसरा ओतला. सोडा टाकला, चार बुडबुडे आले. तिने लिहून टाकलं, 'कार्बोक्सिलिक'.

अगं बयो, ते माझ्या बुडाशी उरलेल्या सिरक्याचे! पण काचेला कुठली वाचा? राजाभाऊंनाही परीक्षेत बोलायची मनाई. माझा जीव नुसता टांगणीला लागला.

तिने आणखी सोडा टाकला. काहीच नाही.

"चिंचेच्या कोळात सोडा टाकला तेव्हा आईचं पातेलं उतू गेलं होतं," ती पुटपुटली. "इथे चारच बुलबुले?"

तिने मला तीनदा खळखळून धुतलं आणि नमुना पुन्हा घेतला. आता एकही बुडबुडा नाही. मग फेरिक क्लोराइडचा थेंब पडला आणि मी जांभळीगर्द झाले! तो फिनॉल होता, कार्बोक्सिल गट नसलेलं सौम्य आम्ल. लिटमस लाल करतो, पण सोड्याला दाद देत नाही. चारुताने आधीचं उत्तर खोडून 'फिनॉल' लिहिलं.

परीक्षक बाईंनी विचारलं, "पहला उत्तर काटा क्यों?"

"मैडम, नली मैंने ही नहीं धोई थी."

बाई हसल्या आणि पूर्ण गुण दिले.

"चारुता बेटा, आजीबाईंना आंघोळ घातलीस, पावल्या बघ!" राजाभाऊ म्हणाले.

"आता रोज घालणार, पक्का!"

मित्रांनो, तुम्हीही घाला. आम्ही खोटं बोलत नाही, पण उष्ट्या तोंडी विचारलंत तर मागचंच उत्तर देऊ.