एल्रॉयने परत केलेला चेंडू

मी एक जुना चेंडू आहे. लांबुळका, दोन्ही टोकांना निमुळता, काखेत दाबून पळायचा. इथले अमेरिकन लोक मला डुकराचं कातडं म्हणतात. मित्रांनो, मी गाईच्या कातड्याचा आहे! खोटं बोलायची यांना सवयच आहे.

१९४८ साली आमच्या कॉलेजने आठच्या आठ सामने जिंकले. आठव्यात मी होतो. शेवटच्या मिनिटाला एल्रॉय पिकेटने मला पोटाशी धरलं आणि अंगावर तिघं लटकलेले असताना रेषेपार नेलं. संघात तो एकटाच काळा. त्याच्या फुटलेल्या कोपराचं रक्त माझ्या शिवणीत उतरलं, पण त्याने मला सोडलं नाही. तसं मला पुन्हा कुणी धरलं नाही.

सामन्याचा चेंडू सर्वांत चांगल्या खेळाडूला द्यायची इथली रीत. कपडे बदलायच्या खोलीत कर्णधार डेलने मला एल्रॉयच्या हातात ठेवलं. टाळ्या पडल्या, पण एकाचीही नजर वर नव्हती.

मग कोच हॅन्सगेन खाकरले. "पोरा, नववर्षाच्या सामन्याचं बोलावणं आलंय, दक्षिणेतून. फक्त... तिकडे काळ्यांना मैदानात उतरू देत नाहीत. तू समजूतदार आहेस."

"आणि तुम्ही हो म्हणालात?"

"काल तू नसताना मत घेतलं, जायच्या बाजूने सगळ्यांनी हात वर केले रे," डेल पुटपुटला. "म्हणून तर चेंडू तुला दिला."

शी! म्हणजे मी बक्षीस नव्हतोच, रडणाऱ्या पोराच्या हातावर ठेवायचा खाऊ होतो! मला माझीच किळस आली.

"काल हात वर केलेत आणि आज मला मैदानात पळवलंत?" एल्रॉय म्हणाला. त्याने मला कोचच्या मांडीवर ठेवलं. "घ्या. रक्त लागलंय, तेवढं पुसून घ्या." तो गेला, तो पुन्हा मैदानाकडे फिरकला नाही.

बाकीचे दक्षिणेत गेले आणि सपाटून मार खाऊन आले. मग मला घासूनपुसून पांढऱ्या रंगात 'आठ विजय' लिहिलं आणि काचेच्या कपाटात ठेवलं. शेजारी दक्षिणेच्या सहलीचा फोटो. त्यात एल्रॉय कसा असणार?

दर वर्षी म्हातारा डेल नातवंडांना घेऊन येतो. "काय संघ होता आमचा! सख्ख्या भावांसारखे राहायचो!" काच नसती तर मी त्याच्या थोबाडावर जाऊन आपटलो असतो.

मित्रांनो, वस्तू स्वच्छ ठेवा, असं मी सांगायला हवं. नाही सांगणार. मला पुसू नका. माझ्या शिवणीत एक तपकिरी डाग अजून आहे. या कपाटात एल्रॉय तेवढाच उरलाय.