मारुलाचं मडकं आणि सासावोनाचं नाक

सासावोना माझ्या अंगणात पाऊल टाकते ती नाक मुरडतच. चाळीस वर्षं झाली, शेजारीण म्हणून माझ्या नशिबी हीच बाई आलीय. आमच्या कुंपणावर मारुलाचं एकच झाड आहे. फळं निम्मी तिच्याकडे पडतात, निम्मी माझ्याकडे, भांडण मात्र दोन्हीकडे अख्खं.

यंदा मुखियाच्या पहिल्या मडक्याचा मान माझा होता. उन्हाळ्यात मारुला पिकला की गावातल्या बिअरचं पहिलं मडकं मुखियाच्या अंगणात जातं. तो आधी पूर्वजांना ओततो, मग स्वतः पितो. तोवर गावात कुणी थेंबसुद्धा जिभेला लावायचा नाही, करणारणीनेही नाही. चाखलं की मडकं बाटलं! म्हणजे झालं की नाही, हे सगळं नुसत्या वासावर ओळखायचं.

आता माझं दुखणं ऐका. हिवाळ्यात मी आठवडाभर तापाने पडले होते. ताप गेला तो वास आणि चव दोन्ही घेऊन गेला. मी कुणालाच सांगितलं नाही. का सांगू? सासू गेल्यापासून या गावात मारुलाच्या बिअरचं नाव निघालं की माझं नाव निघतं. मडकं नासकं निघालं तर मुखियाच्या दारातच पालथं घालतात, सगळ्या गावासमोर, आणि त्या घराचा मान कायमचा जातो. लेक गियानी शहरात नोकरीला. घरात मी आणि कोंबड्या. कोंबड्यांना काय विचारणार, कपाळ?

फळं मी झाडाखाली पडलेलीच वेचली, पिवळी होईपर्यंत ढीग घालून ठेवली. शिंगाच्या टोकाने सालं फोडली, रस पिळला, बाठे रसातच टाकले, पाणी घातलं आणि मडकं झाकलं. हातांना सगळं ठाऊक होतं. पण दुसऱ्या दिवशी झाकण काढून वाकले, तर गोड की आंबट काही कळेना.

तेवढ्यात कुंपणापलीकडे सासावोना खाकरली आणि मला सुचलं. माझ्या मडक्यात खोट काढल्याशिवाय या बाईच्या घशाखाली घास उतरत नाही. मग काढू दे की खोट!

"अगं सासावोना," मी मुद्दाम मोठ्याने म्हटलं, "ये, बघून जा. असलं मडकं तुझ्या सात पिढ्यांत झालं नसेल."

आली की लगेच! कमरेवर हात ठेवून वाकली, हुंगलं.

"शी! काय तो कच्चट वास. बाठे अजून आतच? काय, त्यांची पिल्लं निघायची वाट बघतेस?"

"तुला काय कळतंय त्यातलं? जा, घरी जा," म्हणत मी तिला वाटेला लावलं. ती वळली तशी कोपरापर्यंत हात घालून सगळे बाठे उपसले.

तिसऱ्या दिवशी पुन्हा हाक मारली. या खेपेला तिने पदरच नाकाला लावला.

"आंबटढाण! शेळ्यांच्या गोठ्यात आल्यासारखं वाटतंय. ऊन लागतंय मडक्याला, दिसत नाही? आणि वरचा फेस कुणासाठी राखलायस?"

तिला मनातल्या मनात शिव्या हासडत मी फेस काढला, मडकं सावलीत सरकवलं आणि ताज्या फळांचा रस ओतला.

चौथ्या दिवशी सकाळी, मडकं न्यायच्या आधी, ती आली. हुंगलं. आणि गप्प!

"बोल ना. जीभ गळाली का?"

"बरंय," एवढंच म्हणाली आणि चालती झाली.

चाळीस वर्षांत तिने माझ्या मडक्याला बरं म्हटलं नव्हतं. आणि मला गेलं वर्ष आठवलं. मान तिचा होता. मुखियाने मडक्याचं कौतुक केलं, तेव्हा मी भर सभेत म्हणाले होते, "कपडे धुतल्याचं पाणी बरं याच्यापेक्षा." सगळे खोखो हसले होते आणि ती खाली मान घालून बसली होती. आज तिने डाव साधला, माझं मडकं नासलंय आणि हिला ते पालथं झालेलं बघायचंय, असंच वाटलं मला. पण मुखिया वाट बघत होता. मडकं डोक्यावर घेतलं आणि निघाले.

मुखियाने पूर्वजांना ओतलं, मग भोपळ्याचा तुंबा तोंडाला लावला. त्याने मिशा पुसल्या आणि तुंबा पुढे केला. "मामायिला, आणखी दे."

बायकांनी आरोळ्या ठोकल्या. मुखियानंतरचा तुंबा करणारणीचा असतो. मी प्यायले. गार लागलं, दाटसर लागलं, बाकी काही नाही. "वाहवा!" म्हणाले आणि डोळे भरून आले.

सासावोना माझ्या शेजारी येऊन बसली. हळूच म्हणाली, "नाटकं पुरे. मला माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"मागे तुझ्या चुलीवर कालवणाला टाकलेल्या मोपाने झाडाच्या अळ्या करपून कोळसा झाल्या. माझ्या घरात वास. आणि तू चुलीकडे पाठ करून शेंगा सोलतेयस, आपली खुशाल!"

माझं डोकंच फिरलं. "मग बोलली का नाहीस, भवाने?"

"बोलले असते तर अंगणात येऊ दिलं असतंस मला?"

मी तुंबा पुन्हा भरला.

"आणि आज सकाळी का गप्प राहिलीस? जीव जायची वेळ आली माझी."

"खोट सापडेना," ती चिडून म्हणाली. "आणि तुझ्यापुढे चांगलं बोलायची सवय नाही तोंडाला."

मी तुंबा तिच्या हातात कोंबला. "पी. आणि कसं झालंय ते नीट सांग. खोटं बोललीस तर बघ."

ती प्यायली. डोळे मिटून घोट जिभेवर घोळवला.

"आधी गोड," ती म्हणाली. "मग जिभेच्या कडांना झिणझिण्या. आपण दोघी नव्या नवऱ्या होतो ना, तुझ्या सासूच्या मडक्यातलं कोठीमागे चोरून प्यायलो होतो, अगदी तसं."

मला ती कोठी आठवली, आमचं खिदळणं आठवलं, आणि काय सांगू, जिभेवर ती चव आली. खरी नसेल, पण आली.

"सासावोना," मी म्हणाले, "गेल्या वर्षी मी खोटं बोलले गं. तुझं मडकं चांगलं झालं होतं."

"माहीत आहे," ती म्हणाली आणि तुंबा पुन्हा तोंडाला लावला. "मी प्यायले होते की."