अण्णांनी मिळवलेले तारे

आमची बबडी, म्हणजे माझ्या भावाची मुलगी. बोलायला लागली की कोणाला ऐकत नाही, पण छापलेली ओळ समोर आली की तोंडाला कुलूप. म्हणून शाळेतल्या बाईंनी तिला एक टॅबलेट घरी दिला. त्यावरची गोष्ट मोठ्यानं वाचायची. अडलेल्या शब्दावर बोट ठेवलं की तो शब्द फोडून ऐकवतो. नीट वाचलं की तारे मिळतात आणि पुढची गोष्ट जरा अवघड येते. मुख्य म्हणजे, तो उसासे टाकत नाही. मी टाकते. दिवसभर गिऱ्हाइकांचे कपडे शिवून संध्याकाळपर्यंत माझा धीर संपलेला असतो.

महिनाभरात ताऱ्यांची रास लागली. माझे वडील, म्हणजे अण्णा, ते तारे शेजाऱ्यापाजाऱ्यांना दाखवत हिंडायचे. बाईंचा निरोप आला, की शुक्रवारी पालकांसमोर बबडीनं वाचायचं. मी हरखले. बबडी मात्र धड जेवली नाही.

मला शंका आली. पुढची गोष्ट उघडायला लावली, तर पानभर बारीक मजकूर, एकेक शब्द हातभर लांब. बबडीनं मान खाली घातली. मी अण्णांकडे पाहिलं, तर ते खिडकीबाहेर बघत बसलेले. मग सगळं बाहेर आलं. ती खेळायला गेली की तिच्या गोष्टी अण्णाच वाचायचे, तेही खणखणीत आवाजात. जन्मभर बस चालवलेला माणूस. बंद पडलेली गाडी थोडी ढकलली की पुढं आपसूक चालते, असं त्यांचं म्हणणं. आवाज आजोबांचा की नातीचा, त्या यंत्राला काय कळतंय?

माझं डोकंच फिरलं. "तुला माहीत होतं?" मी बबडीला विचारलं.

"हो. पण तारे आले की आजोबा किती खूश व्हायचे. मी शुक्रवारी वाचणार होते ना, येईल तसं."

चारचौघांत फजिती करून घ्यायला पोर तयार होती, पण आजोबांचं बिंग फोडायला नाही. मला इतकं भरून आलं, की तिला तशीच छातीशी धरली.

दुसऱ्या दिवशी अण्णा इस्त्रीचा शर्ट घालून एकटेच शाळेत गेले आणि बाईंना सगळं खरं सांगून आले. बाईंनी टॅबलेट पुन्हा पहिल्या पायरीवर आणला आणि शुक्रवारचं वाचन बबडीच्या मर्जीवर सोडलं. ती म्हणाली, वाचते.

शुक्रवारी पालकांसमोर बदकाची चार ओळींची गोष्ट. तिसऱ्या ओळीत गाडी अडली. शब्दावर बोट ठेवलं असतं, तर टॅबलेटनं सांगितला असता. तिनं ठेवलं नाही. माझ्या शेजारी अण्णांचे ओठ हलायला लागले. मी कोपर मारणार, तेवढ्यात त्यांनी स्वतःच दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. डोळे काठोकाठ भरलेले. बबडी एकेक अक्षर चाचपडत गेली, परत मागं आली, पुन्हा गेली आणि अखेर तो शब्द तिनं म्हटला.

शेवटी एकच तारा आला. बबडीनं टॅबलेट अण्णांकडे फिरवला.

"आजोबा, हा मी आणला," ती म्हणाली.