पलीकडे पोचले बारा

मित्रांनो, नखाएवढा दिसतो म्हणून हसू नका. मी जुना मायक्रोकंट्रोलर, म्हणजे यंत्र चालवणारी चिप आहे. चाळीस अंड्यांचा जीव माझ्या भरवशावर होता.

अंडी उबवायच्या लाकडी पेटीत मला बसवलं. ऊब मोजायची आणि आकडा वायरीतून बाहेर पाठवायचा, एवढंच माझं काम. पेटीबाहेर माझा जुळा भाऊ होता. तो आकडा पडद्यावर दाखवायचा आणि ऊब कमी पडली की हीटर लावायचा. एका कारखान्यातले आम्ही, पण एकमेकांचं तोंड पाहिलं नाही. मी बोलायचं, त्यानं ऐकायचं. त्याच्याकडून माझ्याकडे वायरच नव्हती. आम्हाला जोडणारी मुलगी, पेटीच्या मालकिणीची भाची, म्हणाली, "कशाला हवी?" शिकलेली ना!

पेटी तिच्या आत्याची. रानमांजरानं खुराडं रिकामं केलेलं, मागे उरली ती ही अंडी.

दशांशाची कटकट नको म्हणून भाचीनं आकडा दहापट करून पाठवायचं ठरवलं. रिकाम्या पेटीत चोवीस अंश होते. मी २४० पाठवले, तेवढेच पोचले. भाची खूश. मग अंडी ठेवली, पेटी तापली आणि मी ३७६ पाठवले. पण आमच्या वायरीत एका खेपेला २५५च मावतात; २५६ झाले की तो अख्खा गठ्ठा गळतो आणि वर उरलेलंच पोचतं. पलीकडे पोचले १२०, म्हणजे बारा अंश! बिचाऱ्या भावाला वाटलं, अंडी काकडली. त्यानं हीटर चालूच ठेवला. अडतीस झाले, एकोणचाळीस झाले. मी खरं तेच सांगत होतो, आणि पलीकडे काय पोचतंय ते मला कळायला वाट नव्हती.

आत्यानं पेटी उघडली आणि एक अंडं मिटल्या डोळ्याला लावलं.

"अगं पंडितबाई, ये इकडे! पडदा म्हणतो तेरा, नि अंडं माझा डोळा भाजतंय."

"आत्या, मशीन चुकत नाही गं."

"मग माझा डोळा चुकला म्हण! आधी हीटर बंद कर, अक्कल नंतर शिकव."

हीटर बंद करून भाचीनं प्रोग्राम पाहिला आणि कपाळावर हात मारला. मग तिनं मला आकडा दोन खेपांत पाठवायला शिकवलं: २५६चे गठ्ठे किती, वर उरले किती. आधी एक खूण, म्हणजे सुरुवात कुठली ते भावाला कळावं.

"आणि त्याला काय ऐकू आलं, ते कोण विचारणार? मी?" आत्या म्हणाली. तेव्हा कुठे उलटी वायर लागली.

मी ३७६ पाठवले. पलीकडून आले ३७६. भावाचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला.

एकतीस पिल्लं निघाली. आत्या आल्यागेल्याला पेटी दाखवायची, नि दर वेळी डोळ्याचीच गोष्ट सांगायची. माझं नाव नाही! पुढे नवं यंत्र आलं. भावाला काढून नेलं, आमच्यामधल्या वायरी कापल्या. पेटीत आता लोकरीचे गुंडे आहेत. माझी वीज तोडायला मात्र सगळे विसरले.

मित्रांनो, तुमच्या घरातही कुणी कोपऱ्यातून रोज काही सांगत असेल. नुसती मान हलवू नका, काय ऐकलंत ते परत बोलून दाखवा.

आत्ता पेटीत २४३. एका खेपेत मावतात. पाठवले. थांबलो आहे.