इंजिनाला घातलेली गादी

आमच्या दादाची जुनी व्हॅन म्हणजे त्या नवरा-बायकोच्या घरातलं तिसरं माणूस. इंजिन मागे, त्यात पाण्याचा थेंब नाही, ते नुसत्या वाऱ्यावर थंड व्हायचं. आवाज असा, की शेजारी दचकून उठायचे. परवा चढावर ती बंद पडली आणि दोघांनी ती ओढून माझ्या गॅरेजात आणली. मागचं झाकण उघडलं, तर इंजिनाभोवती गादीचे तुकडे ठासून भरलेले!

"अरे दादा, हे काय? वारा शिरणार कुठून?"

"तुझ्या वहिनीला आवाजाचा त्रास होतो रे. म्हटलं, जरा निवांत बसेल."

इंजिन तापून पार जाम झालं होतं. त्याचे पार्ट आता कुठेच मिळत नाहीत. तसं मी सांगून टाकलं.

वहिनी भडकली. "अहो, मी वैतागून एकदाच बोलले होते! मला एका शब्दानं विचारायचं तरी!"

"विचारलं असतं तर तू नको म्हणाली असतीस."

वहिनी तडक व्हॅनमधल्या आपल्या सीटवर जाऊन बसली. उतरा म्हणायला माझी जीभ रेटेना. तिला तशीच बसू देऊन आम्ही दोघा भावांनी गाडी ढकलत कोपऱ्यात लावली.