गाळलेल्या जागा

रेडिओवर गप्प बसणं म्हणजे पाप, हे मी लोकांना शिकवते आणि त्यावर पोट भरते. स्टेशनांना कार्यक्रम सुधारून देणं हा माझा धंदा. निवेदकांची रेकॉर्डिंग मागवायची, मधली गाणी कापायची आणि नुसती बडबड ऐकायची. कोण किती पाण्यात आहे ते लगेच कळतं.

माहेरच्याच गावातल्या स्टेशनचं काम आलं. दुपारचे निवेदक, सगळे त्यांना आजोबा म्हणतात, ऐकणाऱ्यांना एक प्रश्न विचारायचे आणि चक्क गप्प बसायचे. "जेवण झालं का?" गप्प. "पाय कसा आहे आता?" गप्प. माझं डोकंच फिरलं. म्हातारा मध्येच झोपतो की काय, असं मी मॅनेजरला म्हटलं आणि आम्ही दोघं पोट धरून हसलो. कार्यक्रम आधी रेकॉर्ड होऊन मग लागायचा, त्या जागा मी रेकॉर्डिंगमधून गाळायला लावल्या. ऐकणारे वाढले, मॅनेजर खूश, मी तर हवेतच.

सुट्टीला घरी गेले. अर्धांगाच्या झटक्यापासून बाबांची जीभ जड झालीय, एकेक शब्द ओढून काढावा लागतो. मला कुठला एवढा धीर? त्यांनी "मला प..." म्हटलं की मी पाणी पुढे करते. कधीकधी त्यांना पंखा हवा असतो. तरी बिचारे पाणी पितात.

जेवताना वहिनीने सांगितलं, बाबा हल्ली बोलायचा प्रयत्नच करत नाहीत. आधी रोज दुपारी रेडिओजवळ बसून आजोबांच्या प्रश्नांना उत्तरं द्यायचे. अडखळत, पण पूर्ण वाक्य. आता रेडिओ बिघडलाय म्हणतात, तू जरा बघ.

बाबा मला हे कधी बोलले कसे नाहीत? सुरुवात केली असेल. मीच मध्ये तोंड घातलं असेल.

बाबांनी रेडिओ माझ्यापुढे आणून ठेवला. मी उगीच बटणं फिरवली, सेल काढून परत घातले. एवढी लाज मला जन्मात वाटली नव्हती. नवा आणून देते म्हटलं असतं तर विषय तिथेच मिटला असता, आणि ते माझ्या अगदी तोंडावर आलं होतं.

"बाबा, रेडिओ चांगला आहे," मी म्हटलं. "ते... मी..." पुढे शब्दच फुटेना.

बाबांनी माझं वाक्य पूर्ण केलं नाही. हात मांडीवर ठेवून नुसते थांबले.

मग मी सगळं सांगितलं. हसलो होतो तेही सांगितलं. त्यांनी रेडिओ स्वतःकडे ओढून घेतला.

"प..." ते म्हणाले.

पाणी, पंखा, पोरी, सगळं माझ्या जिभेवर आलं. मी ओठ घट्ट मिटले.

"परत... घाल," बाबा म्हणाले.

मी फोन हातात घेतला. मॅनेजरपुढे नाक घासावं लागणार होतं, आणि बाबा समोर बसून वाट बघत होते.